पाच वॉटची मुभा

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पेढी नदीच्या काठी वसलेल्या वलगावच्या थांब्यावर एस.टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या कोणाही माणसास, मग तो कापसाचा अडत्या असो, संत्र्याच्या तोडणीस निघालेला मजूर असो, की अमरावतीच्या महाविद्यालयात जाणारी मुलगी असो, पाच वॉट शक्तीपर्यंतचे एक लहानसे बिनतारी यंत्र बाळगण्याचा, त्यावर बोलण्याचा आणि पलीकडून येणारे उत्तर ऐकण्याचा अधिकार आहे. त्यासाठी त्यास कोणत्याही कचेरीत अर्ज गुदरावा लागत नाही, पोलिसांचा दाखला जोडावा लागत नाही, की परवान्याची फी भरावी लागत नाही. २००५ साली केंद्र सरकारने एक नियमावली प्रसिद्ध करून २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झ एवढा रेडिओलहरींचा पट्टा, ज्यास जगभर ‘सिटिझन्स बँड’ म्हणतात तो, परवान्याच्या जाचातून मुक्त केला. सरकारने दिलेल्या या मोकळिकीची वार्ता मात्र वलगावपर्यंत पोहोचलेली नाही. गावात ज्यांच्या-ज्यांच्यापाशी मी ही गोष्ट काढली, त्यांच्यापैकी एकासही ती ठाऊक नव्हती, आणि सांगितल्यावर एकासही तिचे नवल वाटले नाही.

वलगावचे नाव महाराष्ट्रास ठाऊक आहे ते गाडगेबाबांमुळे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर असताना त्यांनी येथेच देह ठेवला. त्याआधी दीड महिना, ८ नोव्हेंबरला, मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांनी केलेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकावयास मिळते. आणि ते ऐकताना प्रथम मनात भरते ते हे, की बाबा केवळ बोलत नाहीत, ते विचारतात, आणि समोरचा जनसमुदाय उत्तर देतो. ते उत्तर कानी आल्याखेरीज कीर्तन पुढे सरकत नाही. या प्रांतातील जाहीर बोलण्याची वहिवाट ही अशी दुतर्फी होती. रेडिओ नावाची वस्तू येथे आली ती मात्र सरकारच्या बाजूने बोलणारी आणि जनतेच्या बाजूने केवळ ऐकणारी अशी, एकतर्फीच. १६ जुलै १९४८ रोजी नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. पुढे चाळीस वर्षांनी राष्ट्रीय वाहिनीसाठी त्याच नागपुरात एक हजार किलोवॉटचे प्रक्षेपक यंत्र उभारण्यात आले. नागरिकास बोलण्यासाठी मिळालेल्या पाच वॉटच्या तुलनेत ही शक्ती दोन लक्ष पट होते. राज्यकर्त्याचा आवाज आणि रयतेचा आवाज यांचे प्रमाण इतक्या स्वच्छ अंकगणितात क्वचितच मांडता येते.

ज्या देशात हा नागरिकांचा पट्टा प्रथम जन्मास आला, त्या अमेरिकेतील त्याची कथा थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. कारण तेथे जे घडले ते कायद्याच्या अभ्यासकानेही आणि समाजाच्या अभ्यासकानेही विचार करावा असेच आहे. दुसरे महायुद्ध संपत आले असता, १९४५ साली, तेथील दळणवळण आयोगाने सामान्य नागरिकांच्या खासगी संभाषणासाठी बिनतारी सेवेची एक नवी वर्गवारी निर्माण केली. आरंभी नेमून दिलेल्या लहरी इतक्या उच्च होत्या, की त्यांवर चालणारी यंत्रे साधारण माणसाच्या खिशास परवडेनात. म्हणून १९५८ साली सत्तावीस मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा, अकरा मीटर लांबीच्या लहरींचा पट्टा हौशी बिनतारीवाल्यांकडून काढून घेऊन तो तेवीस वाहिन्यांत विभागून नागरिकांस देण्यात आला. परवाना आवश्यक, फी आवश्यक, प्रत्येक संभाषणात आपले सांकेतिक नाव उच्चारणे आवश्यक. संभाषण पाच मिनिटांपेक्षा अधिक चालू नये. सुमारे अडीचशे किलोमीटरपलीकडील माणसाशी बोलू नये. आणि निव्वळ गप्पांसाठी, हौसेसाठी हे यंत्र वापरू नये, असे नियम होते. नियम करणाऱ्याच्या मनात होता तो दुकानदार, शेतकरी, नळ दुरुस्त करणारा कारागीर. कामापुरते दोन शब्द बोलून यंत्र बंद करणारा सुजाण गृहस्थ.

प्रत्यक्षात यंत्र हाती घेतले ते मालमोटारींच्या चालकांनी. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली. अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या आणि लागलीच महामार्गांवर ताशी पंचावन्न मैलांची वेगमर्यादा लादण्यात आली. ज्यांची मजुरी मैलांवर मोजली जाते अशा चालकांस ही मर्यादा म्हणजे थेट पोटावर पाय होता. मग कोणत्या पंपावर डिझेल मिळते आणि कोणत्या वळणाआड पोलीस उभे आहेत, याची बातमी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत या अकरा मीटरच्या लहरींवरून धावू लागली. एकोणिसावी वाहिनी चालकांची, नववी संकटकाळची, ही वाटणी रुळली. परवान्यावरील नाव कोणी घेईना. जो तो स्वतः निवडलेल्या टोपणनावाने बोले, आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही १९७६ च्या प्रचारात ‘फर्स्ट मामा’ हे टोपणनाव धारण केले. गाणी झाली, चित्रपट झाले. सॅम पेकिनपासारख्या नामांकित दिग्दर्शकाने १९७८ साली ‘कॉन्व्हॉय’ काढला.

आणि कायदा? कायदा आपल्या जागी होता, परंतु त्यास कोणी ओळख देत नव्हते. आयोगाने परवान्याची वीस डॉलरची फी १९७५ मध्ये चार डॉलरवर आणली, दोन वर्षांनी ती पूर्णतः माफ केली; १ जानेवारी १९७७ पासून वाहिन्या तेवीसच्या चाळीस केल्या; आणि अखेर १९८३ साली वैयक्तिक परवान्याची पद्धतच मोडीत काढली. कोट्यवधी लोक जो नियम पाळीत नाहीत तो नियम रद्द करण्यात शहाणपण असते हे खरे. तथापि ते शहाणपण पाऊल पाऊल मागे सरकत, प्रत्येक वेळी लोक पुढे गेल्यावर सुचले, यात शासनाची शोभा नव्हती. या सैलपणाचे फळ दोन प्रकारचे निघाले. एका बाजूने, अनोळखी माणसांनी एकमेकांस वाट सांगण्याची, अपघाताची वर्दी देण्याची, रात्रीच्या प्रवासात सोबत करण्याची एक रीत कोणाच्याही हुकुमाविना उभी राहिली. दुसऱ्या बाजूने, चार वॉटची मर्यादा असताना शेकडो वॉटची जोडयंत्रे बसवून दुसऱ्याचा आवाज दाबून टाकणारे, शिवीगाळ करणारे आणि रात्रभर बेसूर गाणारे यांचेही तेथे साम्राज्य झाले. त्यातच सूर्यावरील डागांचे अकरा वर्षांचे चक्र १९७९ च्या सुमारास शिगेस पोहोचले, वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावरून या लहरी परावर्तित होऊन हजारो मैल दूर उतरू लागल्या, आणि शेजारच्या गावातील माणसाशी बोलावयास बसलेल्यास परमुलखातील कोलाहल ऐकू येऊ लागला. अकरा मीटरच्या लहरींस अकरा वर्षांच्या सूर्यचक्राने छळावे, हा एक योगायोगच म्हणावयाचा. ज्यांस शांतपणे बोलावयाचे होते ते कंटाळून गेले. पुढे खिशातला दूरध्वनी आला आणि उरलेलेही गेले. या पट्ट्यास उतरती कळा लागली ती मोबाइलमुळे, असे सर्रास सांगितले जाते. मला वाटते, मोबाइलने केवळ उत्तरक्रिया केली.

आपल्याकडे गोष्ट नेमकी उलट्या क्रमाने घडली. १८८५ च्या तार कायद्याने संदेशवहनाचा मक्ता सरकारकडे ठेवला, आणि १९३३ च्या बिनतारी कायद्याने तर यंत्र वापरणे सोडाच, परवान्यावाचून ते नुसते घरात असणे हाच गुन्हा ठरवला. शिक्षा प्रथम अपराधास शंभर रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास अडीचशे. हे कलम केवळ प्रक्षेपकासच नव्हे, गाणी ऐकण्याच्या साध्या रेडिओसही लागू होते. म्हणूनच, आज साठी-सत्तरीत असलेल्या वऱ्हाडी वाचकांस स्मरत असेल, की घरातील रेडिओचा परवाना ही पोस्टातून मिळणारी एक पुस्तिका असे, तीवर दरसाल पंधरा रुपयांचे तिकीट डकवून घ्यावे लागे, आणि तपासनीस गावात आल्याची कुणकुण लागताच कित्येक घरांतील रेडिओ धान्याच्या कणगीत जाऊन बसत. वलगावात रेडिओ-दुरुस्तीचे काम केलेल्या एका वयोवृद्ध कारागिरास मी या दिवसांविषयी विचारले, तेव्हा ते मोकळेपणाने हसले. “लायसन नसलेला रेडिओ दुरुस्तीले आला का आमी नाव लिवत नव्हतो, नुसता घराचा पत्ता ध्यानात ठेवत होतो. छपरावर जाळीची एरियल दिसे, थे काय लपते भाऊ? इन्स्पेक्टरलेही दिसे. पन त्यालेही रात्री बिनाका आयकाचा राहे!”

हे वाक्य मी येथे मुद्दाम दिले, कारण भारतातील बिनतारीच्या नियमनाचे सारे मर्म त्यात आहे. आमचा कायदा अमेरिकेच्या कायद्यासारखा सैल कधीच नव्हता. सैल होती ती त्याची अंमलबजावणी, आणि तीही माणूस पाहून. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात घरगुती रेडिओचा परवाना रद्द झाला. बोलण्याच्या यंत्रावरील पहारा मात्र उठला नाही.

त्या पहाऱ्याच्या कडकपणास इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा विदर्भाशी जोडलेला आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता या बावीस वर्षांच्या तरुणीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ हे गुप्त प्रक्षेपण केंद्र सुरू केले. ४२.३४ मीटरवर ते ऐकू येई. पोलिसांच्या शोधयंत्रांस चुकवण्यासाठी त्याचा मुक्काम मुंबईतल्या मुंबईत वारंवार हलवला जाई. चांदा जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे लोकांवर जो अत्याचार झाला, त्याविषयी छापण्यास वृत्तपत्रे धजत नव्हती, तेव्हा तो वृत्तान्त देशास या बेकायदा लहरींनी सांगितला. १२ नोव्हेंबरला छापा पडला, यंत्र जप्त झाले, उषाताईंस चार वर्षांची सजा झाली. स्वराज्य आल्यावर अशा वाणीचा सन्मान झाला, तो योग्यच. परंतु ज्या कायद्यान्वये परवान्याविना बोलणे दंडनीय होते, तो कायदा स्वराज्याने रद्द केला नाहीच, उलट १९४९ साली त्यात नवे उपकलम घालून बेकायदा प्रक्षेपकासाठी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. सत्तेवर येणाऱ्या माणसास आपल्या जुन्या शस्त्राची धार सर्वांत आधी ठाऊक असते.

लहरी कोणाच्या, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने दिले ते ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, आणि तेही क्रिकेटच्या निमित्ताने. हिरो चषकाच्या सामन्यांचे प्रक्षेपण कोणी करावे यावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचा सरकारशी जो वाद झाला, त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी, ज्यांत आपले न्या. पी. बी. सावंत होते, रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा दिला. सरकार हे तिचे विश्वस्त, मालक नव्हे. या निर्णयानंतर खासगी वाहिन्यांचा मार्ग प्रशस्त झाला, लहरींचे लिलाव झाले, सहस्रावधी कोटींचे आकडे वृत्तपत्रांत झळकले. ज्या नागरिकाच्या नावाने ती मालमत्ता होती, त्यास वाट्यास आली ती २००५ ची ही पाच वॉटची मुभा.

तीतही एक खोच आहे. बारकाईने पाहिले असता असे आढळते, की हा पट्टा नागरिकांसाठी म्हणून खास राखलेला नाहीच. २७.१२ मेगाहर्ट्‌झ ही लहर जगभर उद्योगधंदे, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी मोकळी ठेवलेली आहे, आणि तिच्या दोहो बाजूंस जेवढी मोकळी जागा दिलेली आहे, तंतोतंत तेवढीच आपल्या नागरिकांच्या पट्ट्याची सीमा आहे. प्लास्टिकच्या पिशव्या सांधणारी यंत्रे याच लहरींवर चालतात. अमरावतीच्या दवाखान्यांत गुडघेदुखीस शेक देणारे जे डायथर्मीचे यंत्र असते, तेही याच लहरींवर चालते, आणि त्याची शक्ती पाच वॉटच्या कितीतरी पट असते. अमेरिकेच्या चाळीस वाहिन्यांपैकी पहिल्या सत्तावीसच आमच्या हद्दीत बसतात. शिवाय नियमाप्रमाणे नागरिकाने कोणास व्यत्यय आणावयाचा नाही, आणि त्यास कोणी व्यत्यय आणला तर तक्रार करावयाची नाही. धर्मशाळेच्या ओसरीवर जागा मिळावी, तशी ही जागा आहे.

आणि मिळाली तीही केव्हा? २००५ साली वऱ्हाडातील तालुक्याच्या गावी मोबाइलचे मनोरे उभे राहू लागले होते. हजिरा ते कोलकाता हा महामार्ग क्रमांक सहा, जो पुढे त्रेपन्न झाला, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतून जातो. अमेरिकेत ज्यांनी हा पट्टा गाजवला, त्यांचेच हे भाईबंद येथून रात्रंदिवस जातात. परंतु त्यांच्या केबिनमध्ये हे यंत्र कधीच आले नाही. आमच्या चालकाची भाषा डोळ्यांची आणि हातांची होती. समोरून येणाऱ्याने दोनदा डिपर मारला की पुढे तपासणी आहे. रस्त्यावर झाडाची फांदी आणि चार दगड ठेवले की गाडी बिघडून उभी आहे. क्लीनरने पत्र्यावर थाप मारली की थांब, पुन्हा मारली की चल. परतवाड्याहून लाकूड घेऊन येणारा एक चालक वलगावच्या टपरीवर चहा पिताना मला म्हणाला, “वायरलेस पोलिसाकडं राह्यते साहेब. आमच्यापाशी सापडला त गाडीच जमा करतीन.” मी त्यास नियम सांगितला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “हे हवालदाराले ठाव हाय काय?”

मात्र अमेरिकन चालकांनी ज्या कामासाठी तो पट्टा वापरला, ते काम येथे थांबलेले नाही. पूर्णेच्या आणि इतर नद्यांच्या पात्रांतून चोरटी रेती वाहणाऱ्यांचे व्हॉट्सॲपवर गट असतात, आणि त्यांत तहसीलदारांची गाडी कचेरीतून निघाली, महसूलचे पथक अमुक फाट्यावर उभे आहे, अशा खबरा घटकेघटकेस पडतात, हे जिल्हा-वृत्तपत्रांच्या वाचकास नवे नाही. आरटीओ कोठे उभा आहे हे सांगणारेही गट आहेत. फरक एवढाच, की अमेरिकेच्या एकोणिसाव्या वाहिनीवर जे बोलले जाई ते चोरासही ऐकू येई, पोलिसासही आणि वाटसरूसही. रस्त्यावरचा कोणीही परका माणूस त्यात तोंड घालू शकत असे. व्हॉट्सॲपच्या गटात गटप्रमुख घेईल तोच येतो. अपघात झालेला अनोळखी प्रवासी तेथे हाक मारू शकत नाही. आपण ज्यास संपर्काची क्रांती म्हणतो, तीत ओळखीच्यांशी बोलण्याची सोय अमर्याद वाढली आणि अनोळख्यास हाक मारण्याची सोय जवळजवळ नाहीशी झाली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

कायद्याच्या दुसऱ्या अंगास काय चालले आहे? लग्नाच्या मंडपात चित्रीकरण करणारे, गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीतले स्वयंसेवक, जिनिंगच्या आवारातले पहारेकरी, यांच्या कमरेस लटकणारे वॉकी-टॉकी आता सर्वत्र दिसतात. २०१८ मध्ये ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ एवढ्या चिंचोळ्या पट्टीत अल्पशक्तीच्या यंत्रांस परवान्यातून सूट मिळाली, तीत बसणारी यंत्रे अर्थातच निर्दोष आहेत. परंतु घरबसल्या मागवता येणारी कित्येक स्वस्त परदेशी यंत्रे या पट्टीची मर्यादा जाणतच नाहीत. बटणे दाबून ती पोलिसांच्या, अग्निशामकांच्या लहरींवरही नेता येतात. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या तेरा कंपन्यांस नोटिसा काढल्या, आणि मागोमाग मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून प्रत्येक यंत्राची लहर व मान्यतेचा दाखला विक्रीच्या पानावर देणे बंधनकारक केले. त्याआधीच, २०२३ अखेर, १८८५ आणि १९३३ चे दोन्ही कायदे बाजूस सारणारा दूरसंचार कायदा संमत झाला होता. तरीही जे पट्टे वर्ज्य आहेत त्यांवर लोक बिनदिक्कत बोलत आहेत, आणि जो मोकळा आहे त्यावर शुकशुकाट आहे. हा दोष लोकांच्या बेमुर्वतपणावर ढकलणे सोपे आहे. ज्या सरकारने मनाईची कलमे सव्वाशे वर्षे घरोघर पोहोचवली, त्याने मोकळिकीचे एक कलम पोस्टाच्या फळीवर चिकटवण्याचीही तसदी घेतली नाही, हे मला अधिक दोषास्पद वाटते.

गरज सरली आहे असेही नाही. वलगावावरून हाच रस्ता पुढे परतवाड्यास आणि तेथून घाट चढून मेळघाटात जातो. तेथील हरिसालचे नाव २०१६ मध्ये पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले. परंतु त्या गाजावाजाच्या आसपासच्या दऱ्यांत आजही मोबाइल मुका होतो, निवडणुकीच्या दिवशी मतदानाचे आकडे पोहोचवण्यासाठी बिनतारी संच आणि पायी धावणारे निरोपे यांची व्यवस्था करावी लागते, आणि वनरक्षक आपल्या खात्याच्या वायरलेसवर विसंबून असतात. खात्यापाशी यंत्र आहे. त्याच जंगलात राहणाऱ्या कोरकू कुटुंबापाशी, अवघडलेल्या बाईस रात्री दवाखान्यात न्यावयाचे असता, दिवाभर उजेड आणि आरोळी एवढेच असते. सत्तावीस मेगाहर्ट्‌झच्या पाच वॉटने मेळघाटचे डोंगर ओलांडता येतील, असे मी म्हणत नाही. अकरा मीटरच्या लहरीस चतुर्थांश मापाची म्हणजे पावणेतीन मीटरची काठी लागते, आणि हातातल्या यंत्राच्या वीतभर दांडीने फारसे साधत नाही. परंतु एका दरीतल्या दोन पाड्यांस, किंवा पाड्यावरून रस्त्याच्या फाट्यास, एवढे पुरण्यासारखे आहे. हा प्रयोग करून पाहण्यास ना कायद्याची आडकाठी आहे, ना मोठ्या खर्चाची.

निघण्यापूर्वी मी त्या वृद्ध कारागिरास विचारले, की सत्तावीस मेगाहर्ट्‌झचे एखादे यंत्र त्यांच्या हाताखालून कधी गेले आहे काय. ते म्हणाले, गेले, पुष्कळ गेले. मी उत्सुकतेने वही काढली, तेव्हा त्यांनी सांगितले की पोरांच्या रिमोटवर चालणाऱ्या मोटारी असत, त्यांच्या पोटाखाली ‘२७’ हा आकडा छापलेला राही. यात्रेत घेतलेली मोटार चार दिवसांत बंद पडे आणि बाप ती घेऊन दुकानात येई. “आता थ्याही येत नाहीत,” ते म्हणाले. नवी खेळणी दुसऱ्याच लहरींवर चालतात, आणि बिघडली की कोणी दुरुस्त करून घेत नाही.